आवडीची मजुरी

बोर्ड गेमच्या डब्यावर तो खेळ रचणाऱ्याचं नाव छापावं, ही मागणी ऐकायला अगदी किरकोळ वाटते. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं. सिनेमाच्या शेवटी तर सेटवर चहा देणाऱ्याचंही असतं. तरीही जर्मनीतल्या गेम डिझायनरांना ही मागणी एकमुखाने मांडायला १९८८ साल उजाडलं. न्यूरेम्बर्गच्या खेळण्यांच्या व्यापारी जत्रेत जमलेल्या काही डिझायनरांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर एक प्रतिज्ञा लिहिली. जो प्रकाशक डब्यावर नाव छापणार नाही त्याला आपल्यापैकी कोणीही खेळ द्यायचा नाही, असा तिचा आशय होता. खाली सह्या झाल्या. राइनहोल्ड विटिग हे त्यांतले एक. तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, ‘श्पीले-आउटोरेन-त्सुन्फ्ट’ ही गेम डिझायनरांची संघटना उभी राहिली. आज जर्मन खेळाच्या डब्यावर डिझायनरचं नाव नसेल तर छपाईत काही राहून गेलं की काय, असं वाटतं.

कलावंत माणसं कशी सांभाळावीत यावर व्यवस्थापनाच्या जगात पुष्कळ बोललं जातं. त्यातला बराचसा भर मोकळं वातावरण, कल्पनेला वाव आणि हसतं-खेळतं ऑफिस यांवर असतो. टेबलावर खेळायच्या खेळांचा धंदा त्या बाबतीत कधीच कमी पडला नाही. तिथे मालकापासून गोदामातल्या पोरापर्यंत सगळेच खेळाचे वेडे. अडचणही तीच आहे. या धंद्याने कामगाराच्या आवडीला पगाराचा एक हिस्सा धरलं आणि तेवढा हिस्सा रोख पैशातून कापून घेतला. गेल्या सव्वाशे वर्षांत जिथे कुठे सुधारणा झाली, तिथे ती कोणा सहृदय साहेबामुळे क्वचितच झाली. काहीतरी लेखी झालं म्हणून झाली. मग ते बिअरच्या चकतीवर का लिहिलेलं असेना.

या धंद्यात सर्जनाचं काम करतो कोण? खेळाची मूळ कल्पना आणि नियम रचतो तो डिझायनर. ते नियम घासूनपुसून, खेळून-खेळवून पक्के करतो तो डेव्हलपर. चित्रकार, मांडणीकार, नियमपुस्तिका लिहिणारा, संपादक, बाहुल्यांच्या मूर्ती घडवणारा, रोल-प्लेइंग गेममधली जगं आणि साहसकथा लिहिणारा लेखक, ही बाकीची मंडळी. यांतले पगारावर थोडे, फ्रीलान्सवर फार. आणि या सगळ्यांच्या मागे खेळ बाजारात येण्याआधी तो शेकडो वेळा खेळून दोष सांगणारे चाचणी-खेळाडू. त्यांना बहुधा डब्यातल्या आभारांत एक ओळ आणि खेळाची एक प्रत मिळते. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला हौशी माणसं रांग लावतात म्हटल्यावर भटारखान्याचा खर्च कोण कशाला मांडेल?

कायदाही फारसा मदतीला येत नाही. अमेरिकेत काय किंवा इतरत्र काय, खेळाच्या नियमांच्या शब्दांकनाला आणि चित्रांना कॉपीराइट मिळतो. पण खेळण्याच्या पद्धतीला मिळत नाही. फासे टाकून जागा विकत घ्यायची आणि भाडं वसूल करायचं, ही कल्पना उद्या कोणीही उचलू शकतो. पेटंट घेता येतं, पण ते महाग आणि मुदतीचं. त्यामुळे डिझायनरच्या हातात शेवटी दोनच गोष्टी उरतात, प्रकाशकाशी केलेला करार आणि धंद्यातला रिवाज.

पेटंट घेऊनही काय होतं, त्याचा नमुना ‘मोनोपॉली’ने दाखवला. एलिझाबेथ मॅगी यांनी ‘द लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट १९०४ मध्ये मिळवलं. जमीनदारी कशी सगळ्यांना कंगाल करते हे शिकवणं हा त्यांचा हेतू होता. खेळ हातोहाती फिरला, बदलला, आणि १९३५ मध्ये चार्ल्स डॅरो नावाच्या माणसाने तो स्वतःचा म्हणून पार्कर ब्रदर्सना विकला. डॅरो श्रीमंत झाला. कंपनीने मॅगींचं नंतरचं पेटंट ५०० डॉलरला घेऊन, रॉयल्टी न देता, त्यांच्या तोंडाला पानं पुसली. ही हकीकत जगापुढे आली ती १९७०च्या दशकात, राल्फ अन्स्पाख या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने कंपनीशी कोर्टात झगडताना जुने कागद उकरले तेव्हा. आपल्याकडे ‘व्यापार’ नावाचा जो डबा घरोघरी आला, त्याचंही मूळ हेच. पण त्या डब्यावर ना मॅगी, ना डॅरो.

पण मॅगी बाहेरच्या होत्या, आणि कंपनी मोठी होती. या धंद्याची खरी नाडी कळते ती टीएसआरच्या कथेत, कारण तिथे कलावंताला कलावंतानेच नाडलं.

विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स आणि डॉन के यांनी १९७३ मध्ये टीएसआर ही कंपनी काढली. १९७४च्या जानेवारीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग गेम बाहेर आला. तपकिरी खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. लेखक म्हणून दोन नावं होती, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन. अर्नेसनने मिनेसोटात आपल्या मित्रमंडळींत ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक प्रदेशात हा प्रकार आधीच सुरू केला होता. एकेक खेळाडू म्हणजे एकेक पात्र आणि खेळ कधी संपतच नाही, ही मुख्य गंमत त्याच्याकडची. गायगॅक्सने त्याला नियमांचं रूप दिलं, विस्तारलं, छापलं आणि विकलं. दोघांत रॉयल्टीचा करार झाला.

अर्नेसन १९७६ मध्ये टीएसआरमध्ये नोकरीला लागला आणि वर्ष संपायच्या आत बाहेर पडला. मग गायगॅक्सने ‘अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची जाडजूड पुस्तकं काढायला सुरुवात केली. कंपनीचं म्हणणं असं की हा वेगळाच खेळ आहे, सबब अर्नेसनला काही देणं लागत नाही. १९७९ मध्ये अर्नेसनने दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली आणि नव्या पुस्तकांवर त्याला २.५ टक्के रॉयल्टी मिळू लागली. पुढे त्यांतल्याच ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकाच्या दुसऱ्या भागावरून पुन्हा कोर्ट झालं, तेही त्याने जिंकलं. लक्षात घ्यायचं ते एवढंच की दोन्ही वेळा अर्नेसनच्या उपयोगी पडला तो जुना करार. कोणाच्या कल्पनेतून किती आलं, याचा निवाडा कोणत्याच कोर्टाला करता आला नसता.

नियतीचा खेळ असा की गायगॅक्सवरही तीच पाळी आली. शेअरांच्या वाटणीत तो अल्पमतात गेला आणि १९८५च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याच कंपनीतून बाहेर काढला गेला. त्यानंतर लॉरेन विल्यम्स यांच्या हाती कंपनी आली. खेळाडूंच्या गप्पांत त्यांची खलनायिका केली जाते; मला ते अर्धवट वाटतं. त्यांनी बुडती कंपनी सावरली आणि दहा-बारा वर्षं चालवली, हे नाकारता येत नाही. पण लेखकांच्या बाबतीत त्यांच्या काळातली टीएसआर हट्टी होती. ‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्यांनी कंपनीला लाखो वाचक मिळवून देणारे मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन हे दोघे बाहेर पडले आणि दुसरीकडे जाऊन तितकेच गाजले. जग कंपनीचं, पात्रं कंपनीची, लेखक काय दुसरा आणू, ही त्यामागची समजूत. १९९७ मध्ये कर्जात बुडालेली टीएसआर ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली. बुडण्याची कारणं अनेक होती. पुस्तकविक्रेत्यांकडून परत आलेला माल हे त्यांतलं मोठं. पण वाचक आणणारे लेखक आधीच निघून गेलेले असणं हेही होतंच.

आता पैशाचं बोलू. डब्यावर नाव आलं म्हणजे घर चालतं असं नाही. बोर्ड गेमच्या डिझायनरला सर्वसाधारणपणे प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेवर पाच ते आठ टक्के मिळतात. दुकानात ५० डॉलरला विकला जाणारा खेळ प्रकाशक घाऊक वितरकाला साधारण २० डॉलरला देतो. सहा टक्क्यांनी डिझायनरच्या वाट्याला एका डब्यामागे एक डॉलर २० सेंट आले. पहिली आवृत्ती दोन हजारांची असेल आणि सगळी खपली तर २,४०० डॉलर. बहुतेक खेळांची दुसरी आवृत्ती निघत नाही. एका खेळावर दोन-तीन वर्षं घालवलेली असतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तो हाच. राइनर क्निझिया यांच्यासारखा गणिताचा डॉक्टर बँकेतली नोकरी सोडून शेकडो खेळ प्रकाशित करतो आणि त्यावर जगतो, हा अपवाद. ‘कतान’चे क्लाउस टॉयबर हे नियमाच्या जवळचं उदाहरण. हे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत काम करत. ‘कतान’ येण्याआधीच त्यांच्या तीन खेळांना ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. तरी कवळ्या सुरूच. ‘कतान’ १९९५ मध्ये आला, गाजला, त्यालाही तोच पुरस्कार मिळाला. आणि त्यांनी ते काम सोडलं १९९८ मध्ये.

रोल-प्लेइंग गेमच्या लेखकांची अवस्था याहून नाजूक, कारण त्यांना टक्केवारीही नाही. त्यांना शब्दावर पैसे मिळतात. मध्यम आकाराच्या प्रकाशकाचा दर वर्षानुवर्षं शब्दामागे पाच सेंटांच्या आसपास घुटमळत राहिला, कुठे तीन, कुठे सात-आठ. दहा हजार शब्दांची साहसकथा म्हणजे ५०० डॉलर. (योगायोगाने मॅगींना मिळालेला आकडा हाच, आणि तोही नव्वद वर्षांपूर्वीच्या डॉलरमध्ये.) १९३०च्या दशकात स्वस्त कागदावरच्या रहस्य-मासिकांत लिहिणारे लेखक शब्दाला एक सेंट मिळतो म्हणून कुरकुरत. महागाई धरली तर तो सेंट आजच्या वीस सेंटांपलीकडे जातो. म्हणजे त्या काळच्या भरताड लेखनालाही आजच्या चौपट भाव होता. शिवाय सगळे हक्क कंपनीचे; लेखकाने निर्माण केलेला राक्षस उद्या सिनेमात आला तरी लेखकाला तिकीट काढूनच पाहावा लागेल.

दर वाढत का नाहीत, याचं उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं आहे. लिहायला उत्सुक माणसं अमाप. प्रत्येक खेळाडूला वाटतं आपणही लिहू शकतो, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना खरंच लिहिता येतं. एक दमला की दुसरा तयार. इथे मला या धंद्यातल्या जाणत्यांचंही एक म्हणणं पटत नाही. ते म्हणतात, नफाच इतका बारीक की द्यायचं कुठून? लहान प्रकाशकांपुरतं हे खरं आहे. पण ज्या कंपन्यांचा नफा भरघोस आहे त्यांच्या करारांचा साचाही तोच असतो, याचा खुलासा बारीक नफ्याने होत नाही.

भरघोस नफा म्हटलं की ‘मॅजिक: द गॅदरिंग’कडे वळावं लागतं. सर्जनशील काम टप्प्याटप्प्याने कसं बांधावं याचा या धंद्यातला सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोगही तिथेच झाला. रिचर्ड गारफील्ड हा गणितात पीएचडी करणारा विद्यार्थी ‘रोबोरॅली’ नावाचा बोर्ड गेम घेऊन विझर्ड्सच्या पीटर अ‍ॅडकिसनकडे आला. अ‍ॅडकिसनला छापायला स्वस्त आणि खिशात मावेल असा खेळ हवा होता. त्यातून १९९३ मध्ये ‘मॅजिक’चे पत्ते आले. चित्रांसाठी पैसे नव्हते. कलाविभाग सांभाळणारा येस्पर मीरफोर्स हा सिएटलच्या कॉर्निश कला महाविद्यालयातला; त्याने आपले ओळखीचे विद्यार्थी आणि मित्र गोळा केले. पहिल्या संचाची चित्रं २५ चित्रकारांनी काढली. मोबदला थोडा रोख आणि थोडा कंपनीच्या शेअरांत.

पैसे कमी असले तरी तिथे दोन प्रथा पडल्या आणि त्या टिकल्या. प्रत्येक पत्त्याच्या तळाशी चित्रकाराचं नाव छापलं गेलं, आणि मूळ चित्र चित्रकाराकडे राहिलं. त्यामुळे खेळाडूंना चित्रकार नावानिशी माहीत झाले. स्पर्धांच्या ठिकाणी ते टेबल मांडून बसू लागले, पत्त्यांवर सह्या करू लागले, छपाईच्या प्रती आणि मूळ चित्रं विकू लागले. कित्येकांना कंपनीने दिलेल्या मोबदल्यापेक्षा या जोडधंद्याने जास्त दिलं. गंमत म्हणजे त्याच पत्त्यावर त्याचे नियम रचणाऱ्याचं नाव कधीच नसतं. आणि चित्रकारांची ही सोयही आता आटत चालली आहे. चित्र संगणकावर काढलं की विकायला मूळ चित्रच उरत नाही. मोबदला मात्र मूळ चित्र विकलं जाईल या गृहीतावर ठरलेला.

हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर सावंतवाडीचा गंजिफा आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्या चितारी कलावंतांची ही कला विसाव्या शतकात लयाला चालली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. दशावतारी संचात १२० गोल पत्ते, प्रत्येक पत्ता हाताने रंगवलेला. पण हा संच घेणारे बहुतेक जण तो खेळत नाहीत. भेट म्हणून देतात, नाहीतर काचेत ठेवतात. तिथे खेळ गेला आणि कारागिरी राहिली. ‘मॅजिक’मध्ये खेळ जोरात आहे आणि कारागिरीचा भाव ठरायचा आहे.

‘मॅजिक’मधली रचना-प्रक्रिया मात्र शिकण्यासारखी आहे. वर्षाला अनेक नवे संच, प्रत्येकात शेकडो पत्ते, आणि सगळे जुन्या हजारो पत्त्यांशी जुळले पाहिजेत. हे एकट्या प्रतिभावंताचं काम नाही. २००३ पासून मुख्य डिझायनर असलेल्या मार्क रोझवॉटर यांच्या कारकिर्दीत कामाचे टप्पे पाडले गेले. एक गट संचाची दिशा ठरवतो. दुसरा प्रत्यक्ष पत्ते घडवतो. तिसरा स्पर्धेच्या पातळीवर खेळून समतोल पाहतो. चित्रांच्या बाजूला आधी काही चित्रकारांना एकत्र बसवून त्या काल्पनिक जगाची दृश्य-पोथी तयार करतात: वास्तू कशा, कपडे कसे, प्रकाश कसा. मग ती जगभरच्या फ्रीलान्स चित्रकारांना पाठवली जाते. त्यामुळे वेगवेगळ्या देशांत बसून चितारलेली शेकडो चित्रं एकाच जगातली वाटतात.

आणि हे यंत्र कुठे बिघडतं, तेही तिथल्याच लोकांनी उघडपणे लिहून ठेवलं आहे. २००४ मध्ये आलेला ‘स्कलक्लॅम्प’ नावाचा पत्ता. काम संपत आलेलं असताना त्यातल्या एका आकड्यापुढचं अधिकचं चिन्ह उणे झालं. बदल लहान, पण त्यानंतर तो पुरेसा खेळून पाहिला गेला नाही. त्याने स्पर्धा इतक्या नासवल्या की काही महिन्यांत त्यावर बंदी आली. २०१७ मध्ये पुन्हा अशा चुका झाल्या आणि समतोल तपासणारा स्वतंत्र गट स्थापन झाला, त्यात अव्वल स्पर्धक घेतले गेले. तरी २०१९ मध्ये ‘ओको’ नावाचा पत्ता आला आणि दोन महिन्यांच्या आत त्याच्यावरही बंदी घालावी लागली. पुन्हा कारण तेच, उशिरा झालेले फेरबदल. यात कोणाची हुशारी कमी पडली नव्हती. छपाईची तारीख हलत नसताना ‘हा बदल आता नको’ असं म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाला, हे सैल राहिलं होतं.

बाहुल्यांचे खेळ काढणाऱ्या इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने याच्या उलट वाट धरली. फ्रीलान्सवर विसंबायचं नाही. मूर्तिकार, लेखक, चित्रकार यांना नॉटिंगहॅमच्या मुख्यालयात पगारावर ठेवायचं, आणि नोकरी देताना कौशल्याआधी वृत्ती पाहायची. तिथे स्थैर्य आहे. २०२१ मध्ये भरपूर नफा झाला तेव्हा कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला ५,००० पौंड दिले, हुद्दा न पाहता. पण त्याच कंपनीच्या पुस्तकांवरून आणि खोक्यांवरून व्यक्तींची नावं हळूहळू पुसट होत गेली. स्थैर्य हवं तर नाव सोडा, असा हा व्यवहार. घरभाडं भरायचं असेल तर तो मला अगदीच वाईट वाटत नाही.

अमेरिकेत मात्र दोन्ही हातातून निसटलेल्या माणसांनी २०२१ मध्ये तिसरी वाट शोधली. ‘पाथफाइंडर’ हा रोल-प्लेइंग गेम काढणारी पाइझो ही सिएटलजवळच्या रेडमंडची कंपनी. शहर महागलेलं, पगार तोकडे. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये माजी कर्मचाऱ्यांनी व्यवस्थापनाच्या वागणुकीबद्दल जाहीर तक्रारी केल्या, आणि १४ ऑक्टोबरला कामगारांनी ‘युनायटेड पाइझो वर्कर्स’ ही युनियन जाहीर केली. तिच्यात संपादक आणि डिझायनर होते, तसेच गोदामातले आणि ग्राहकसेवेतलेही. याहून महत्त्वाचं घडलं ते बाहेर. पाइझोसाठी लिहिणाऱ्या सुमारे ४० फ्रीलान्सरांनी काम थांबवलं आणि मागणी एकच ठेवली, युनियनला मान्यता द्या. फ्रीलान्सर हे कायद्याने एकेकटे, त्यांना युनियनमध्ये जागा नाही. पण पुढच्या महिन्यांच्या पुस्तकांचा मजकूर त्यांच्याच हातात होता. आठवड्याभरात, २१ ऑक्टोबरला, कंपनीने आपणहून मान्यता दिली. पहिला करार पदरात पडायला पुढे २०२३ उजाडलं. करार कंटाळवाणा असतो, आणि तसाच असायला हवा: पगाराच्या पायऱ्या, शिस्तभंगाची पद्धत, कामावरून काढण्याची रीत.

त्याच २०२३ मध्ये विझर्ड्समध्ये जे घडलं ते पाहिलं की असा कंटाळवाणा कागद का लागतो ते कळतं. जानेवारीत त्यांच्या नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. २००० सालापासून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे मूळ नियम वापरून इतरांना स्वतःची पुस्तकं विकता येत होती, त्यावर छोट्या प्रकाशकांची एक अख्खी वस्ती उभी होती. नव्या मसुद्यात साडेसात लाख डॉलरपुढच्या उत्पन्नावर २५ टक्के रॉयल्टी होती, नफ्यावर नव्हे. जुनं लायसन्स रद्द ठरवायचाही घाट होता. खेळाडूंनी ऑनलाइन वर्गण्या रद्द करायचा सपाटा लावला आणि २७ जानेवारीला कंपनीने माघार घेऊन मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचे खुले केले. हे छोटे प्रकाशक कंपनीचे नोकर नव्हते, पण त्यांच्या कामाची दोरी कंपनीच्याच हाती होती. तीही शेवटी सुटली ती कधीच मागे घेता येणार नाही अशा लेखी परवान्याने.

डिसेंबरात दुसरा अंक झाला. ७ डिसेंबरला याच खेळावर बेतलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेमला वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून गौरवलं गेलं. ११ डिसेंबरला विझर्ड्सची मालक हॅस्ब्रो हिने १,१०० जणांची कपात जाहीर केली. त्या वर्षी त्याआधीच ८०० जण गेले होते. खेळण्यांची विक्री घसरली होती, विझर्ड्सचा विभाग मात्र कमावता होता. तरी कुऱ्हाड तिथेही पडली. ‘बाल्डर्स गेट’ बनवणाऱ्या लॅरियन कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे लिहिलं की सुरुवातीच्या बैठकीत विझर्ड्सच्या बाजूने जे बसले होते त्यांतलं आता जवळपास कोणीच उरलेलं नाही. कमावत्या विभागात कपात झाली की वाचलेली माणसं काय शिकतात, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या वेळी ती चांगली कल्पना स्वतःच्या वहीत ठेवतात.

मग मालकच नको, असं म्हणून लोकवर्गणीकडे वळलेल्यांचं काय? किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळाने या धंद्याचं रूप पालटलं हे खरं. २०२० मध्ये ‘फ्रॉस्टहेवन’ या बोर्ड गेमने तिथे जवळपास १.३ कोटी डॉलर जमवले. पण स्वतःचा मालक झालेला डिझायनर छपाई, जहाजभाडं, गोदाम, ग्राहकांच्या तक्रारी हे सगळं अंगावर घेतो आणि वर्षाकाठी खेळ रचायला उरतात ते थोडे आठवडे. शिवाय मधे प्रकाशक असेल तर धोका बदलतो, जात नाही. २०१२ मध्ये ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ या खेळासाठी एका प्रकाशकाने एक लाख २२ हजार डॉलर जमवले आणि खेळ काढलाच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लोकवर्गणीच्या बाबतीत केलेली पहिली कारवाई ती, २०१५ मधली. खेळाचे दोन डिझायनर त्या पैशाच्या व्यवहारात कुठेच नव्हते, पण बदनामीत होते. शेवटी दुसऱ्या एका कंपनीने तो खेळ छापून वर्गणीदारांना फुकट दिला.

कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेल्या चित्रांचा वाद सध्या सर्वांत तापलेला आहे, पण त्यात नवं फार थोडं आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या एका पुस्तकात अशी मदत घेतलेली चित्रं सापडली, आणि विझर्ड्सने आपल्या चित्रकारांना ती मनाई केली. २०२४च्या जानेवारीत ‘मॅजिक’च्या एका जाहिरातीतल्या चित्राबद्दल कंपनीने आधी ठाम नकार दिला आणि काही दिवसांत कबुली दिली; एका नावाजलेल्या चित्रकाराने कंपनीचं काम सोडलं. पाइझोने तर आधीच अशा चित्रांना आणि मजकुराला दार बंद केलं होतं. मला खटकतं ते असं की मनाई नेहमी चित्रकारावर घातली जाते. त्याच चित्रकाराला दिलेली मुदत, दर आणि चित्रांची संख्या यांबद्दल त्या घोषणांत शब्द नसतो.

अलीकडे अमेरिकेतल्या बोर्ड गेम डिझायनरांनीही जर्मनांचा कित्ता उशिरा का होईना गिरवायला घेतला आहे. २०२४ मध्ये जेफ्री एंगलस्टीन, ‘विंगस्पॅन’ हा खेळ रचणाऱ्या एलिझाबेथ हारग्रेव्ह वगैरेंनी टेबलटॉप गेम डिझायनर्स असोसिएशन काढली. तिचं मुख्य काम सदस्यांना करार वाचायला शिकवणं. रॉयल्टी कोणत्या रकमेवर, हिशेब दर किती महिन्यांनी, परदेशी आवृत्तीतला वाटा किती, आणि प्रकाशकाने खेळ छापणं थांबवलं तर हक्क किती महिन्यांत परत. हे शेवटचं कलम बहुतेक नवखे डिझायनर वाचतही नाहीत. त्याची किंमत २०२५च्या एप्रिलमध्ये कळली. बहुतेक खेळ चीनमध्येच छापले जातात, आणि चिनी मालावरचं अमेरिकी आयातशुल्क तेव्हा १४५ टक्क्यांवर गेलं. त्याच महिन्यात ‘स्पिरिट आयलंड’ या खेळाची प्रकाशक ग्रेटर दॅन गेम्स हिच्या मालकांनी जवळपास सगळी माणसं कमी केली. अशा वेळी ते कलम करारात असेल तर डिझायनर ठरलेल्या मुदतीनंतर आपला खेळ उचलून दुसऱ्या प्रकाशकाकडे जाऊ शकतो. नसेल तर खेळाचे हक्क त्या कंपनीकडेच अडकून पडतात, आणि तिथे फोन उचलायलाही कोणी उरलेलं नसतं.